तासिका तत्त्वावर कन्फ्यूशियस

धाराशिव जिल्ह्यात पोरानं काय शिकावं याच्या वाटा ठरलेल्या आहेत. दहावीला भरघोस मार्क पडले तर लातूर गाठायचं आणि दोन वर्षं नीटच्या शिकवणीत घालायची. बेताचे पडले तर इंजिनिअरिंग, नाहीतर नर्सिंग. कमी पडले तर आयटीआय, किंवा पोलीस भरतीसाठी पहाटे उठून डांबरी रस्त्यावर पळायला लागायचं. यातलं काहीच नाही जमलं तर पुण्यातल्या अभ्यासिका आहेतच. तिथं तिशी उलटेपर्यंत एमपीएससी करता येते आणि तोवर गावाकडं कुणी काही विचारत नाही.

या यादीत चिनी तत्त्वज्ञान कुठंच बसत नाही. समजा, एखाद्या पोरानं पारावर जाहीर केलं की मला चिनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायचाय. पहिला प्रश्न येईल, "काय शिकलालास म्हनं?" दुसरा येईल, "त्येला स्कोप काय हाय?" तिसरा प्रश्न पोराला कुणी विचारणार नाही. संध्याकाळी दोन-चार वडीलधारी मंडळी बापाकडं जाऊन बसतील, चहा घेतील आणि इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणतील, "एकदा चांगल्या डॉक्टरला दाखवून घ्या."

मला या पोराची बाजू घ्यायची आहे. पोर अजून अस्तित्वात नाही ही अडचण आहे, पण वकिलीला तेवढ्यानं अडत नाही. तर माझा पहिला मुद्दा असा, की या विषयात स्कोप नसणं ही त्या विषयाचीच अडीच हजार वर्षांची परंपरा आहे. पोरानं काही नवीन बिघडवलेलं नाही.

खुद्द कन्फ्यूशियसचं घ्या. इसवी सनापूर्वी ५५१ मध्ये लू नावाच्या छोट्या राज्यात तो जन्मला. घरची परिस्थिती ओढगस्तीची, बाप लहानपणीच गेलेला. पहिली नोकरी लागली ती धान्याच्या कोठारावर, दुसरी जनावरांच्या कुरणांवर. त्याच्या परंपरेतला मोठा पुरुष मेन्शियस सांगतो, की कोठारावर असताना हिशेब जुळला पाहिजे एवढंच तो म्हणे, आणि कुरणांवर असताना गुरं-मेंढरं धष्टपुष्ट झाली पाहिजेत एवढंच. आमच्या हिशेबानं ही बाजार समितीतली कारकुनी आणि तिथून पशुसंवर्धन खात्यात झालेली बदली. एवढ्यावर तो थांबला असता तर त्याला कुणी नावं ठेवली नसती. पण त्याला राज्यकारभार सुधारायचा होता. पन्नाशीत थोडा काळ अधिकारपद मिळालं, ते टिकलं नाही. मग पंचावन्नच्या आसपास तो शिष्यांना घेऊन बाहेर पडला आणि सुमारे चौदा वर्षं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हिंडला. प्रत्येक राजाच्या दरबारात मुलाखत व्हायची, मान मिळायचा, जेवणखाण व्हायचं. नेमणूक तेवढी व्हायची नाही.

आमच्याकडच्या कुठल्याही सेट-नेट झालेल्या, पीएच.डी. झालेल्या आणि तासिका तत्त्वावर तीन महाविद्यालयांत फिरणाऱ्या माणसाला हे वाचून दाखवा. तो म्हणेल, यात तत्त्वज्ञान कुठं आहे, ही तर माझी डायरी आहे.

चंग राज्याच्या वेशीवर एकदा कन्फ्यूशियसची आणि शिष्यांची चुकामूक झाली. शिष्य शोधत होते. एका गावकऱ्यानं सांगितलं, पूर्वेच्या दरवाज्यापाशी एक लांबडा माणूस उभा आहे, दिसतो सुतकातल्या घरातल्या कुत्र्यासारखा, ज्याच्याकडं बघायला कुणाला सवड नाही. शिष्यांनी हे जसंच्या तसं गुरुजींना ऐकवलं. गुरुजी हसले आणि म्हणाले, बरोबर बोलला तो. मला कन्फ्यूशियसची जी वचनं माहीत आहेत त्या सगळ्यांपेक्षा हे हसणं मोलाचं वाटतं. आमच्याकडं एखाद्या प्राध्यापकाला असं कुणी म्हटलं असतं तर तीन संघटनांची निवेदनं तहसीलदाराकडं गेली असती.

फीच्या बाबतीतही गुरुजी सोपे होते. सुकवलेल्या मांसाची एक जुडी घेऊन जो येईल त्याला मी शिकवायचं नाकारलं नाही, असा त्यांचा दावा. धाराशिव जिल्ह्यातल्या वाचकाला सुकवलेलं मांस समजावून सांगायची गरज नाही. आमच्याच जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म'मध्ये मराठवाड्यातल्या दलितांच्या स्वयंपाकाची जी नोंद केली, तीत मांस चिरून, उन्हात वाळवून केलेल्या चान्या आहेत. पुढच्या दिवसांची बेगमी म्हणून दोरीवर वाळत टाकलेलं ते अन्न. म्हणजे कन्फ्यूशियसच्या वर्गाची फी भरायला आमच्या जिल्ह्यात सगळ्यात आधी कोण उभं राहिलं असतं हे उघड आहे. आणि नियमाप्रमाणे त्यानं नाही म्हटलं नसतं. आमच्याकडच्या कित्येक गुरुजींनी शेकडो वर्षं म्हटलं.

त्याच्या आणखी एका उत्तराची आमच्या जिल्ह्याला विशेष ओळख पटावी. शिष्यानं विचारलं, उद्या राज्यकारभार हाती आला तर पहिलं काम कोणतं कराल? गुरुजी म्हणाले, नावं नीट करीन. शिष्य वैतागला. एवढं सगळं बिघडलेलं असताना हे काय भलतंच? गुरुजींनी त्यालाच अडाणी ठरवलं. आमच्याकडं २०२३ साली जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं, शिक्के बदलले, पाट्या बदलल्या, एसटीच्या फलकावर नवा रंग चढला. शेळी तेवढी उस्मानाबादीच राहिली. देशभरच्या पशुवैद्यकांच्या पुस्तकात ती त्याच नावानं बसलेली आहे. काळीभोर, काटक, बहुतेकदा जुळी देणारी. नावाबद्दल तिचं काही म्हणणं असल्याचं ऐकिवात नाही. कन्फ्यूशियस पशुसंवर्धनात राहिला असता तर त्यानं हे प्रकरण मार्गी लावलं असतं.

आता थट्टा बाजूला ठेवू. मराठी माणसानं या वाटेला जाऊन उभा जन्म काढल्याचं उदाहरण आहे का? आहे, पुण्याचं आहे, आणि त्याची सुरुवात गोव्यात होते.

धर्मानंद कोसंबी गोव्यातल्या सांखवाळचे. बुद्धाच्या ओढीनं घर सोडलं, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश पालथे घातले, पाली शिकले. हार्वर्डच्या लोकांना पाली ग्रंथाच्या संपादनासाठी असा माणूस हवा होता, म्हणून तिकडं जाऊन आले. १९१२ ते १९१८ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. त्यांच्या विद्यार्थ्यांत एक होते पुरुषोत्तम विश्वनाथ बापट, जन्म १८९४.

कोसंबींच्या हातातला ग्रंथ होता बुद्धघोषाचा 'विसुद्धिमग्ग', पाचव्या शतकात सिलोनात लिहिलेला, ध्यानमार्गाचा आकरग्रंथ. हेन्री वॉरन नावाच्या अमेरिकन पंडितानं तो संपादायला घेतला होता. वॉरन १८९९ मध्ये वारला. काम कोसंबींकडं आलं. कोसंबी १९४७ मध्ये गेले. हार्वर्डनं पुस्तक छापलं १९५० साली. एका पुस्तकाला दोन संपादक पुरले नाहीत. विद्यापीठांत हल्ली दरवर्षी किती शोधनिबंध झाले त्याचे गुण मोजतात. या पुस्तकाला किती गुण द्यायचे आणि ते कोणत्या वर्षाच्या रकान्यात टाकायचे, हे ठरवायला एक समिती नेमावी लागेल.

बापटांनी गुरूच्या याच ग्रंथाचं शेपूट धरलं आणि ते त्यांना थेट चीनमध्ये घेऊन गेलं. झालं असं, की बुद्धघोषाच्याही आधीचा मानला जाणारा, त्याच विषयावरचा 'विमुत्तिमग्ग' नावाचा एक ग्रंथ होता. कर्ता उपतिष्य. मूळ ग्रंथ हरवलेला. राहिलं होतं ते चिनी भाषांतर, बारा गुंडाळ्यांचं. सहाव्या शतकात फुनान देशातल्या, म्हणजे आजच्या कंबोडियाच्या बाजूच्या, संघपाल नावाच्या भिक्षूनं चीनमध्ये बसून ते केलेलं. आता पाली जाणणाऱ्याला चिनी येत नाही आणि चिनी जाणणाऱ्याला पाली येत नाही, तेव्हा दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचणार कोण? बापटांनी ठरवलं, आपण वाचू. त्यासाठी चिनी शिकले. हार्वर्डला जाऊन याच तुलनेवर डॉक्टरेट मिळवली आणि १९३७ साली ती तुलना पुस्तकरूपानं पुण्यातून बाहेर आली.

चिनी शिकणं म्हणजे काय हे कळायला कांगशी कोश डोळ्यांपुढं आणावा. अठराव्या शतकातला हा कोश, ४७ हजारांवर अक्षरं. त्यात एक अक्षर शोधायचं तर आधी ते कोणत्या मूळ चिन्हाखाली येतं ते ओळखायचं, अशी मूळ चिन्हं २१४. मग उरलेल्या भागात किती फटकारे आहेत ते मोजायचं, मग त्या आकड्याखालच्या रांगेत बोट फिरवत जायचं. मोजणीत एक फटकारा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडं बाराखडी पाठ झाली की पोरगं दुकानांच्या पाट्या वाचत सुटतं. तिकडं चाळिशीतला विद्वानसुद्धा फटकारे मोजत बसलेला असतो.

आणि एवढं करून हाती काय लागतं? ते बघण्यासारखं आहे. बुद्धघोष ध्यानाचे चाळीस विषय सांगतो, उपतिष्याकडं अडतीस निघतात. मग उरलेले दोन कुठून आले, कुणी घातले, का घातले, यात एका माणसाचा हिवाळा सहज जातो. बुद्धघोष माणसांचे स्वभाव सहा प्रकारचे मानतो, उपतिष्य चौदा. आता हे स्वभाव गुरूनं ओळखायचे कसे? 'विसुद्धिमग्गा'त त्याच्या खुणा दिल्या आहेत. त्यातली एक खूण झाडण्याची. आसक्त स्वभावाचा माणूस केरसुणी नीट धरतो, घाई करत नाही, वाळू उधळत नाही, फुलं अंथरल्यासारखं स्वच्छ आणि सारखं झाडून काढतो. द्वेषी स्वभावाचा केरसुणी आवळून धरतो, खसाखसा आवाज करत दोन्ही बाजूंना वाळू उडवतो, त्याचं झाडणं सारखं नसतं. मूढ स्वभावाचा केरसुणी सैल धरतो, कचरा इकडचा तिकडं करतो, त्याचं झाडणं स्वच्छही नसतं आणि सारखंही नसतं.

हे वाचल्यापासून सकाळच्या वेळी आमच्या गल्लीतून फिरायला जाणं मी सोडलेलं नाही, उलट वाढवलं आहे. कोणत्या दारात काय स्वभाव नांदतो ते मला आता पक्कं ठाऊक आहे. सांगणार कुणालाच नाही. सहा प्रकार मात्र आमच्या गल्लीला पुरत नाहीत, या बाबतीत माझं मत उपतिष्याच्या बाजूनं पडतं.

बापट त्यानंतरही थांबले नाहीत. 'अर्थपदसूत्र' नावाचं एक जुनं बौद्ध सूत्र त्यांनी चिनीतून इंग्रजीत आणलं, ते १९५१ मध्ये विश्वभारतीनं छापलं. १९५६ साली बुद्धाच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त भारत सरकारनं जो इंग्रजी ग्रंथ काढला, त्याचे संपादक तेच. १९५७ साली दिल्ली विद्यापीठात बौद्ध विद्येचा विभाग सुरू झाला, तेव्हा साठी ओलांडलेल्या बापटांना पहिले विभागप्रमुख केलं. १९६४ साली त्यांनी त्याच 'विमुत्तिमग्गा'च्या एका प्रकरणाचं तिबेटी भाषांतर संपादून छापलं. म्हणजे १९३७ ते १९६४, सत्तावीस वर्षांनीही माणूस त्याच एका हरवलेल्या पुस्तकाच्या मागं. १९७० मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, हिराकावा नावाच्या जपानी पंडिताच्या जोडीनं आणखी एक चिनी ग्रंथ इंग्रजीत आणून भांडारकर संस्थेतून काढला. १९९१ साली गेले, सत्त्याण्णवाव्या वर्षी. या विषयात पैसा नाही हे खरं, पण आयुष्य बरंच मिळतं असं दिसतं. आयुर्विमावाल्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

यावर पारावरचा माणूस म्हणेल, हे सगळं पुण्या-दिल्लीचं झालं. धाराशिवचा आणि चीनचा काय संबंध?

संबंध असा. आमच्या तेरला त्रिविक्रमाचं देऊळ आहे. लोक गोरोबाकाकांच्या दर्शनाला येतात, तसेच इकडंही डोकावतात. विटांचं बांधकाम, मागची बाजू अर्धगोल, छप्पर गजपृष्ठाकृती. आत उभा आहे त्रिविक्रम. पण अभ्यासकांचं म्हणणं, हे मुळात बौद्ध चैत्यगृह आहे. तेर म्हणजे जुनं तगर, रोमशी व्यापार करणारं. इथून गाड्या भरून कापड पैठणमार्गे भडोचला जायचं, हे एका ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून वेचून वेचून जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय तिथं उभं आहे. त्या चैत्यात बसून जे भिक्षू पाठ म्हणत, त्यांचे ग्रंथ गेले कुठं? आपल्याकडं जवळपास काहीच राहिलं नाही. पण अशा शेकडो भारतीय ग्रंथांची भाषांतरं चिनीत शाबूत आहेत, कारण चिन्यांनी ती करवून घेतली, कोरली, छापली आणि सांभाळली. आपण आपली भांडीकुंडी शेजारच्या घरी ठेवली आणि ठेवल्याचं विसरून गेलो, असा हा प्रकार आहे.

दुसरा संबंध त्याहून जवळचा. धाराशिव जिल्ह्यात गावोगावी बुद्धविहार किंवा पंचशील ध्वज दिसतात. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर आमच्या वाड्यावस्त्यांवर बुद्ध परत आला. त्याच्या सहा वर्षं आधी डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं, आमच्या जिल्ह्यातले कित्येक जण तिथं शिकले. त्याला पुढं नाव मिळालं मिलिंद. हे नाव राजा मिनँडर आणि भिक्षू नागसेन यांच्या प्रश्नोत्तरांवरून आलं, ती पालीत 'मिलिंदपञ्ह' म्हणून आहेत. तीच प्रश्नोत्तरं चिनीतही आहेत, पालीतल्यापेक्षा आटोपशीर रूपात, नागसेन भिक्षूच्या नावानं. कॉलेजच्या नावातली गोष्ट चीनमध्ये पडून आहे आणि ती मुळातून वाचू शकेल असा एक माणूस आपल्या जिल्ह्यातून अजून निघू नये, हे मला खटकतं. बुद्धजयंतीच्या मिरवणुकीच्या खर्चातून एका पोराचं वर्षाचं शिक्षण निघेल. हे वाक्य लिहिल्यावर मला काय काय ऐकावं लागेल ते ठाऊक आहे, म्हणून लगेच जोडतो, की शिवजयंतीच्या आणि गणपतीच्या खर्चातूनही निघेल.

चिनी मंडळींनी मात्र आपला अभ्यास चोख केला होता. युआन श्वांग, ज्याला आमच्या शाळेच्या पुस्तकात ह्यू-एन-त्संग म्हणायचे, तो सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेला. तेव्हा राजा होता चालुक्य पुलकेशी. तो तेरला आला होता असं म्हणायला काही आधार नाही, आणि आधार नसताना वेशीवर कमान उभारायची आपली सवय मी इथं आवरतो. पण इथल्या माणसांबद्दल त्यानं जे लिहिलं ते आरशात बघून लिहिल्यासारखं आहे. माणसं उंचीपुरी, मानी. उपकार विसरत नाहीत. अपमान झाला तर जिवावर उदार होऊन सूड घेतात, आणि सूड घेण्याआधी शत्रूला तसं कळवतात. ही शेवटची रीत आमच्याकडं अजून पाळली जाते, फक्त कळवण्याचं काम हल्ली स्टेटसवरून होतं. लढाई हरलेल्या सेनापतीला शिक्षा न करता बायकी कपडे द्यायचे, हेही त्यानं टिपलंय. आणि लोकांना विद्येची आवड आहे, असंही. हे शेवटचं प्रमाणपत्र आपण फारसं कुठं जोडलेलं दिसत नाही.

या गृहस्थाची कारकीर्द बघा. परदेशी जायला सरकारी बंदी असताना लपून निघाला, सोळा-सतरा वर्षांनी ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन परतला. सम्राटानं मोठं पद देऊ केलं, ते नाकारलं आणि मरेपर्यंत भाषांतरं करत बसला. पंचाहत्तर ग्रंथ केले. मध्येच सम्राटाची आज्ञा आली, की लाओ त्सेचं पुस्तक संस्कृतात करून भारतातल्या राजाकडं पाठवायचं आहे. मदतीला ताओपंथी पंडित दिले. त्यांचं आणि याचं एकेका शब्दावरून वाजलं. ते संस्कृत पुस्तक आज कुठंच सापडत नाही. ज्यानं आयुष्यात एकदा तरी अभ्यास मंडळावर काम केलंय, त्याला याचं नवल वाटणार नाही.

इथं एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, नाहीतर पोराच्या बापाची फसवणूक होईल. चिनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास धाराशिवात केला तर उपाशी राहण्याचं भय आहे, पण खुद्द चीनमध्ये केला तर त्याहून मोठं भय होतं. फंग यू-लान हा विसाव्या शतकातला त्या विषयाचा सगळ्यात नावाजलेला इतिहासकार. अमेरिकेत कोलंबियाला शिकला, परत जाऊन चिनी तत्त्वज्ञानाचा दोन खंडांचा इतिहास लिहिला, जगभर तो वाचला गेला. पुढं सत्ता बदलली. सांस्कृतिक क्रांतीत त्याची जाहीर नालस्ती झाली, आणि सत्तरच्या दशकात कन्फ्यूशियसविरोधी मोहीम निघाली तेव्हा ज्याच्यावर आयुष्य घालवलं त्या कन्फ्यूशियसच्या विरोधात त्याला लिहावं लागलं. मोहीम ओसरल्यावर म्हातारपणी हा माणूस पुन्हा तोच इतिहास पहिल्यापासून लिहायला बसला. सातवा खंड संपवला आणि १९९० मध्ये, पंच्याण्णवाव्या वर्षाच्या उंबऱ्यावर, गेला. बापटांहून एक वर्षानं लहान आणि त्यांच्याआधी एक वर्षानं गेलेला. एक दुसऱ्याच्या देशातलं हरवलेलं पुस्तक शोधत शांतपणे जगला, दुसऱ्याला आपल्याच देशात आपलं पुस्तक पुन्हा पुन्हा खोडावं लागलं. अशा वेळी आपल्या जिल्ह्याची उदासीनता मला बरी वाटते. निदान आमच्याकडं या विषयावरून कुणी अंगावर येणार नाही.

राहिला उपयोगाचा प्रश्न. यावर च्वांग त्झू या जुन्या चिनी तत्त्वज्ञाची गोष्ट सांगायचा मोह कुणालाही होतो. एक सुतार शिष्याबरोबर चालला होता. वाटेत गावदेवाच्या ठाण्यापाशी प्रचंड जुनं झाड लागलं, हजारो गुरं सावलीला बसतील एवढं. शिष्य बघतच राहिला. सुतारानं मान वळवूनही पाहिलं नाही. म्हणाला, निकामी लाकूड आहे, नाव केली तर बुडेल, पेटी केली तर कुजेल, खांब केला तर कीड लागेल. रात्री झाड स्वप्नात आलं आणि म्हणालं, शहाण्या, मी निकामी आहे म्हणूनच एवढा वाढलो. फळझाडांची दशा बघ. आमच्याकडची बाभूळ हे ऐकून मान डोलवील. नांगराला ती, औताला ती, कुंपणाला ती, चुलीलाही ती. म्हणून तिला पंधरा वर्षं पुरी करू देत नाहीत.

पण च्वांग त्झू इरसाल माणूस होता. त्याच्या नावावर दुसरीही गोष्ट आहे आणि ती सांगायचं लोक टाळतात. तो एका मित्राकडं उतरला. मित्रानं पाहुणचारासाठी हंस कापायला सांगितलं. नोकरानं विचारलं, एक हंस ओरडतो, एक ओरडत नाही, कोणता कापू? मालक म्हणाला, न ओरडणारा. दुसऱ्या दिवशी शिष्यांनी गुरुजींना धरलं. काल एक झाड निकामी म्हणून वाचलं, आज हंस निकामी म्हणून गेला, तुम्ही कोणत्या बाजूला? गुरुजी हसून म्हणाले, मी दोन्हींच्या मध्ये राहीन म्हणतो, पण तिथंही पूर्ण सुटका नाहीच.

ओरडणारे हंसही मराठीत झाले. पुण्याचे वसंत परांजपे १९४७ साली भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर पेकिंगला शिकायला गेले. चिनी इतकी उत्तम झाली, की १९५४ साली नेहरू चीनला गेले तेव्हा माओंशी झालेल्या बोलण्यात दुभाषे तेच होते. पुढं राजदूत झाले. उपयोग सिद्ध झाला, पण अभ्यासिकेतला माणूस परराष्ट्र खात्यानं नेला तो नेलाच. आणि उपयोगाचंच बोलायचं तर आमच्यापासून तासा-दीड तासावरच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली युद्धातल्या जखमींसाठी चीनला गेले आणि १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेले. त्यांच्या कामाला कुणी स्कोप विचारला नव्हता.

तेव्हा माझी मागणी फार मोठी नाही. धाराशिवात विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, आणि २०२० साली मराठी साहित्य संमेलन भरवून दाखवण्याइतकी हौस जिल्ह्यात आहे. या सगळ्यांनी मिळून एक माणूस तयार करावा. एकच. त्यानं पाली शिकावं, चिनी शिकावं आणि नागसेनाची ती प्रश्नोत्तरं चिनीतून सरळ मराठीत आणावीत. घाई नको, वीस वर्षं लागली तरी चालतील.

आणि तुमच्याच घरातलं लेकरू उद्या असं काही बोललं तर स्कोप विचारू नका. दिवसभरात पाच अक्षरं शोधायचा धीर आहे का, एवढंच विचारा. असेल तर जाऊ द्या, फक्त मानधन तासिका तत्त्वावर मिळेल आणि तेही सहा महिने उशिरा, हे त्याला आधीच सांगून ठेवा.